मोजक्या पैशांत सेकंडहँड दुकानातून चांगले कपडे कसे निवडावेत

सेकंडहँड कपड्यांच्या दुकानातील कमी किंमत हे तेथील सर्वांत मोठे आकर्षण असते आणि तोच तेथील सर्वांत मोठा धोकाही असतो. ‘इतके स्वस्त आहे, घेऊन टाकू’ असे म्हणत आणलेल्या कपड्यांनी कपाट गच्च भरते, आणि बाहेर पडायच्या वेळी मात्र घालण्याजोगे काही सापडत नाही. हातात पैसे बेताचे असतील तर न वापरलेला प्रत्येक कपडा, तो कितीही स्वस्त असला तरी, महागच पडतो. त्यामुळे थ्रिफ्ट स्टोअरमध्ये कपडा कोणत्या क्रमाने पाहावा याला फार महत्त्व आहे. आधी कापड, मग शिवण, मग माप, त्यानंतर रंग आणि घाट, आणि सर्वांत शेवटी ब्रँडची चिठ्ठी. बहुतेक ग्राहक नेमका उलटा क्रम धरतात आणि तेथेच फसतात.

पहिली पायरी : घरातील तयारी

दुकानात जाण्याआधी स्वतःचे कपाट नीट पाहावे. कोणते कपडे वारंवार अंगावर येतात, कोणते नुसतेच टांगून राहतात आणि कशाच्या अभावामुळे टांगून राहतात, हे लक्षात घ्यावे. एखादा सुंदर कुर्ता केवळ त्यावर शोभेल अशी विजार नसल्यामुळे पडून असेल, तर नव्या कुर्त्यापेक्षा त्या विजारीची गरज अधिक आहे. यादी करताना ‘पॅंट’ एवढेच लिहू नये. ‘गडद निळी, सरळ पायांची, कामावर चालेल अशी पॅंट’ इतके नेमके लिहावे. नेमकी यादी हातात असली की शेकडो कपड्यांच्या रांगांतून डोळा आपोआप हवे तेच टिपतो. मात्र यादीत एक जागा मोकळी ठेवावी, कारण अशा दुकानांत एखादी अनपेक्षित उत्तम वस्तू मिळतेच, आणि तिच्यासाठी जागा ठेवलेली असली की बाकीच्या मोहांना नाही म्हणणे सोपे जाते.

त्यानंतर मापे घ्यावीत, पण ती शरीराची घेऊन भागत नाही. आपल्याला सर्वांत चांगला बसणारा शर्ट पलंगावर सपाट पसरून एका खांद्याच्या शिवणीपासून दुसऱ्या खांद्याच्या शिवणीपर्यंतचे, एका काखेपासून दुसऱ्या काखेपर्यंतचे, बाहीचे आणि उंचीचे अंतर मोजावे. पॅंटचे माप घेताना कंबर, मांडीचा घेर, जांघेतील जोडापासून कमरपट्टीपर्यंतचे अंतर आणि पायाची आतील लांबी नोंदवावी. ही मापे फोनमध्ये लिहून ठेवावीत आणि मापाची टेप पिशवीत टाकावी. कपड्यावर छापलेल्या साइजवर भिस्त ठेवता येत नाही, कारण प्रत्येक कंपनीचा ‘मीडियम’ वेगळा असतो आणि एकाच आकड्याचा अर्थही काळाबरोबर बदलत गेला आहे. विशेषतः स्त्रियांच्या कपड्यांत जुन्या काळचा एखादा आकडा आजच्या त्याच आकड्यापेक्षा बराच तोकडा निघतो. शिवाय आधीच्या मालकाने कपडा धुऊन आटवलेला किंवा शिंप्याकडून बदलून घेतलेला असू शकतो, आणि चिठ्ठी मात्र जुनीच माहिती सांगत राहते.

खर्चाची विभागणीही आधीच करावी. ठरवलेल्या रकमेपैकी साधारण एक तृतीयांश भाग शिंपी, नवी बटणे आणि ड्रायक्लीनिंग यांसाठी बाजूला ठेवावा. दुकानातील किंमत ही कपड्याची पूर्ण किंमत नसते. तो अंगावर घालण्याजोगा होईपर्यंत लागणारा सगळा खर्च म्हणजे त्याची खरी किंमत.

दुसरी पायरी : दुकान आणि वेळ

आठवड्याच्या मधल्या दिवशी सकाळी गर्दी कमी असते आणि कपडे निवांत पाहता येतात. ऋतू बदलताना लोक कपाटे आवरतात, तेव्हा माल जास्त येतो. जाड कोट उन्हाळ्यात आणि सुती कपडे थंडीत शोधले तर त्यांना गिऱ्हाईक कमी असते. नवा माल कोणत्या दिवशी मांडतात आणि कोणत्या रंगाच्या चिठ्ठ्यांवर सध्या सूट आहे, हे कर्मचाऱ्यांना सरळ विचारावे.

दुकानाचा प्रकारही ध्यानात घ्यावा. देणगीतून आलेले कपडे विकणाऱ्या दुकानात किमती कमी असतात, परंतु निवडण्याचे सारे श्रम आपले असतात. मालकाच्या वतीने कपडे विकून त्याला वाटा देणाऱ्या दुकानात निवड आधीच झालेली असते आणि तिची किंमत आपल्याकडून वसूल केली जाते. वजनावर विकणाऱ्या दुकानात जीन्स आणि ओव्हरकोट महाग पडतात; रेशमी ब्लाउज, लिननचे शर्ट आणि स्कार्फ मात्र जवळजवळ फुकटात मिळाल्यासारखे वाटतात. त्यामुळे तेथे हलके कपडेच शोधावेत.

तिसरी पायरी : डोळ्यांआधी हात

रांगेपुढे उभे राहून एकेक हँगर बाहेर काढत बसल्यास तासाभरात दमायला होते. त्यापेक्षा टांगलेल्या कपड्यांच्या बाह्यांवरून हात फिरवत पुढे जावे आणि हाताला वेगळे लागेल तेथेच थांबावे. थोड्या सवयीनंतर लोकर, लिनन, रेशीम आणि घट्ट विणीचे सुती कापड बोटांना ओळखू येते. ही पद्धत इतकी उपयोगी का, याचे कारण सरळ आहे. चांगले कापड अनेक वर्षांच्या वापरानंतरही आपला पोत राखते, तर हलके कापड पहिल्या मालकाकडेच थकून गेलेले असते. दुसऱ्या हाताने घेतलेल्या कपड्याचे एक आयुष्य संपलेले असते, आणि दुसरे पेलण्याची ताकद त्याच्यात उरली आहे का, एवढेच आपल्याला पाहायचे असते.

हाताने अंदाज आल्यावर आतील चिठ्ठी वाचावी. त्यावर धाग्यांचे प्रमाण आणि धुण्याच्या खुणा असतात. पाण्याच्या टबावर हाताचे चित्र म्हणजे हाताने धुवावे, टबावर फुली म्हणजे पाण्यात घालू नये, आणि वर्तुळ म्हणजे व्यावसायिक पद्धतीने स्वच्छ करावे. बजेट कमी असताना केवळ ड्रायक्लीनिंग चालणारा कपडा घेण्यापूर्वी दोनदा विचार करावा. एखादा कोट वर्षातून एकदा धुवायला देणे परवडते, पण दर आठवड्याला घालायचा ब्लाउज तसा परवडत नाही.

कापडाची एक सोपी परीक्षा म्हणजे त्याचा कोपरा मुठीत काही क्षण आवळून सोडणे. चांगली लोकर लगेच पूर्ववत होते, लिननला ठळक चुण्या पडतात आणि तो त्याचा दोष नसून स्वभाव असतो. ताणणाऱ्या कापडात इलास्टेन मिसळलेले असते; १९५८ साली ड्यूपाँ कंपनीत शोधला गेलेला हा धागा उष्णतेने आणि वापराने हळूहळू आपली लवचीकता गमावतो. म्हणून स्ट्रेच जीन्सचा गुडघा किंवा कंबर किंचित ताणून सोडावी. कापड सैलच राहिले, त्यावर बारीक लाटा दिसल्या किंवा तुटके पांढुरके धागे डोकावू लागले, तर ती जीन्स जागेवर ठेवावी, कारण याला कोणताही उपाय नाही.

नकली चामड्याच्या बाबतीत अधिक सावध राहावे. त्यावरील पॉलियुरेथेनचा थर हवेतील ओलाव्याने काही वर्षांत कमकुवत होतो आणि एकदा पोपडे सुटू लागले की ते थांबवता येत नाहीत. कॉलरची घडी, कोपर आणि खिशाची कड या ठिकाणी नखाने हलकेच तपासावे.

आपल्या विभागापुरतेच पाहणे ही चूक ठरते. पुरुषांच्या विभागात सुती शर्ट, लोकरी स्वेटर आणि ब्लेझर अनेकदा अधिक दणकट कापडाचे मिळतात आणि स्त्रियांना ते सैलसर घाटात छान दिसतात. बारीक अंगकाठीच्या व्यक्तींनी मोठ्या मुलांचा विभागही पाहावा. शिवाय गर्दीत कपडे कोठेही टांगले जातात, त्यामुळे आपल्या साइजच्या अलीकडची आणि पलीकडची रांगही चाळावी.

चौथी पायरी : उजेडात कसून तपासणी

आवडलेला कपडा दिव्याखाली नव्हे, तर शक्य तितक्या दिवसाच्या उजेडात, खिडकीजवळ नेऊन पाहावा. पिवळट दिव्यात काळा आणि गडद निळा सारखेच दिसतात आणि घामाचे डाग लपून जातात.

एखादा पांढरा शर्ट हाती घेतला आहे असे समजू. प्रथम कॉलर उलटून तिच्या आतील घडीवर बोट फिरवावे. तेथे कापड विरलेले असेल तर घडीच्या रेषेवर बारीक लव आणि उघडे धागे लागतात. मग काखा पाहाव्यात. तेथील पिवळा, किंचित कडक झालेला डाग नुसत्या घामाचा नसतो. घाम रोखणाऱ्या प्रसाधनातील ॲल्युमिनियमचे क्षार घामात मिसळून तो तयार होतो आणि क्लोरीनच्या ब्लीचने बहुधा आणखी गडद होतो. त्यानंतर कफांच्या कडा, कोपरे आणि बटणे पाहावीत. तीनेक बटणे काजांत घालून काढून पाहावीत, कारण सैल झालेले काज दिवसभर उघडत राहते. रेघांचा किंवा चौकड्यांचा शर्ट असेल तर खिशावरील आणि पुढच्या पट्टीवरील रेघा अंगावरील रेघांशी जुळतात का हे पाहावे. त्या जुळवण्यासाठी कापड जास्त लागते आणि शिवणाऱ्याला वेळही द्यावा लागतो, म्हणून तेवढे कष्ट घेतलेल्या शर्टाची बाकीची शिवणही सहसा चांगली असते. शेवटी शर्ट उलटा करून आतून पाहावा. शिवणी स्वच्छ दुमडलेल्या आहेत का, टाके बारीक आणि सारखे आहेत का, आणि शिवणीच्या आत माया, म्हणजे शिवणीपलीकडचे जादा कापड, किती सोडली आहे, याची नोंद घ्यावी. भरपूर माया असलेला कपडा पुढे सैल करता येतो.

पॅंट आणि जीन्स उजेडासमोर धरून मांडीची आतील बाजू आणि बसण्याचा भाग पाहावा. तेथून उजेड आरपार दिसू लागला असेल तर कापड लवकरच फाटणार आहे. चेन दोन-तीन वेळा वर-खाली करावी आणि वर ओढल्यावर ती जागेवर राहते का, हे पाहावे. वायकेके (YKK) या चेन बनवणाऱ्या कंपनीची अक्षरे कोरलेली धातूची चेन बहुधा टिकाऊ असते, परंतु या अक्षरांचीही नक्कल होते, म्हणून तेवढ्यावर निर्णय घेऊ नये.

ब्लेझर विकत घेताना एक युक्ती फार कामाची आहे. पुढच्या बाजूला, बटणाच्या थोडे वर, बाहेरचे कापड एका हाताने आणि आतील अस्तर दुसऱ्या हाताने चिमटीत धरून हळूच एकमेकांपासून दूर करावे. मधे तिसरा, सुटा थर हाताला जाणवला तर आतील कॅनव्हास, म्हणजे ब्लेझरला आकार देणारे जाड कापड, शिवून बसवलेला आहे, आणि असे ब्लेझर अनेक वर्षे आकार धरून राहतात. थर चिकटवलेला असेल तर तोही वाईट नसतो, पण छातीच्या भागावर फुगे आलेले दिसले तर चिकटवण सुटली आहे आणि ते इस्त्रीने पक्के दुरुस्त होत नाही. नवीन असताना अशा शिवलेल्या कॅनव्हासच्या ब्लेझरची किंमत सामान्य खरेदीदाराच्या आवाक्याबाहेर असते, आणि जुन्यांच्या रांगेत मात्र तो इतर ब्लेझरांच्याच भावात टांगलेला असतो. सेकंडहँड खरेदीतील खरा फायदा, माझ्या मते, अशाच ठिकाणी आहे. हलक्या टी-शर्टांच्या ढिगात नाही.

कोणते दोष चालवून घ्यावेत, याचा हिशेब सोपा आहे. उसवलेली शिवण, तुटलेले बटण, सुटलेली दुमड, स्वेटरवर आलेले बारीक गोळे हे किरकोळ दोष होत. गोळे छोट्या यंत्राने किंवा कंगव्याने निघतात. फाटलेले अस्तर आणि बिघडलेली चेन दुरुस्त होते, पण तिचा खर्च किमतीत मिळवून पाहावा. विरलेले कापड, जुना तेलाचा डाग, इस्त्रीने जळलेली चकाकी, रंगाचे उडालेले चट्टे आणि आटून नमद्यासारखी घट्ट झालेली लोकर मात्र तशीच सोडावी. लोकरी कपड्यावर टाचणीच्या टोकाएवढी भोके दिसली तर कसर लागलेली असू शकते. एखादे भोक रफू करता येते, अनेक असतील तर कपडा घरी आणूच नये.

पाचवी पायरी : माप आणि शिंप्याचे काम

अंगावर घालून पाहण्याची सोय असेल तर कधीही टाळू नये. त्यासाठी दुकानात जाताना अंगाबरोबर बसणारे पातळ कपडे घालावेत, म्हणजे खोली नसली तरी जॅकेट किंवा स्कर्ट वरून चढवून पाहता येतो. घातल्यावर हात वर करावेत, खाली बसावे, पुढे वाकावे. आरशासमोर ताठ उभे राहून कोणताही कपडा बरा दिसतो.

शिंपी काय करू शकतो आणि काय करू शकत नाही, याची समज नसेल तर चांगले सौदे हातचे जातात आणि वाईट पदरात पडतात. पॅंटची उंची कमी करणे, शर्टाच्या बाजू आत घेणे, साधी बाही आखूड करणे, पॅंटची कंबर थोडी आवळणे ही कामे स्वस्तात होतात. ब्लेझरच्या कफावर खरी काजे असतील तर बाही आखूड करणे अवघड जाते. खांदा मोठा असेल किंवा मुंढा (बाही जोडलेली गोलाई) फार खाली असेल तर जवळजवळ सारा कपडा उसवावा लागतो, आणि तो खर्च कपड्याच्या किमतीच्या कितीतरी पुढे जातो. म्हणून खांद्याची शिवण आपल्या खांद्याच्या हाडावर बरोबर येते का, हे सर्वांत आधी पाहावे. बाकीचे जमवून घेता येते. कपडा वाढवण्यासाठी आत माया असावीच लागते, आणि पूर्वीची दुमड सोडल्यावर तेथील जुनी रेघ रंग विटल्यामुळे कधीकधी कायमची दिसत राहते.

सहावी पायरी : शोभून दिसणारे निवडणे

जुन्या कपड्यांत ऐट येते ती नीट बसण्यातून आणि मोजक्या रंगांतून. दोन-तीन मूळ रंग ठरवून त्यांच्याशी जुळेल तेच घेतले, तर वेगवेगळ्या काळातील आणि दुकानांतील कपडेही एकत्र घेतल्यासारखे दिसतात. गेल्या दोन-तीन हंगामांत फार गाजलेला घाट जुन्या दुकानांत ढिगाने येतो, कारण सगळ्यांनी तो एकाच वेळी काढून टाकलेला असतो. तो टाळलेला बरा. सरळ पायांची पॅंट, साधा लोकरी स्वेटर, चामडी पट्टा, सुती शर्ट हे असे कपडे आहेत की त्यांचे वय कोणाला कळत नाही.

ब्रँडच्या नावाने भारावून जाऊ नये. संग्राहकांना लिव्हाइस जीन्सच्या लाल पट्टीवरील नावातल्या मोठ्या (कॅपिटल) ‘ई’चे कौतुक असते, कारण १९७१च्या सुमारास कंपनीने ते अक्षर लहान केले आणि मोठे अक्षर जुनेपणाची खूण ठरले. ज्याला जीन्स घालायची आहे त्याने मात्र आधी मांडीचे कापड पाहावे. मोठ्या ब्रँडच्या सवलतीच्या दुकानांसाठी वेगळा, हलका माल बनवला जातो हेही विसरू नये. नाव तेच असले तरी कापड तेच नसते. उलट, नाव न ऐकलेल्या कंपनीचा, नीट शिवलेला लिननचा शर्ट डोळे झाकून घ्यावा.

पैसे देण्यापूर्वी टोपलीतील सारे कपडे एकदा बाजूला मांडावेत आणि प्रत्येकाबाबत घरातील किमान तीन कपड्यांची नावे घ्यावीत, ज्यांच्याबरोबर तो घालता येईल. नावे सुचली नाहीत तर तो कपडा परत ठेवावा. किमतीला वर्षभरात अंदाजे किती वेळा घालणार त्या आकड्याने भागावे. मग दहा वेळा घातला जाणारा स्वस्त कपडा आणि शंभर वेळा घातला जाणारा थोडा महाग कोट यांतील फरक लगेच उघड होतो. परत घेण्याचे नियम आणि मुदत विचारून घ्यावी, कारण बऱ्याच ठिकाणी विकलेला माल परत घेत नाहीत.

सातवी पायरी : घरी आणल्यानंतर

आणलेली पिशवी सरळ कपाटात ठेवू नये. ढेकूण आणि कसर ही कपड्यांबरोबर येऊ शकणारी दोन संकटे आहेत. धुता येणारे सुती कपडे ६० अंश सेल्सिअसच्या पाण्यात धुतले, किंवा गरम ड्रायरमध्ये किमान अर्धा तास फिरवले, तर ढेकूण आणि त्यांची अंडी मरतात. लोकर आणि रेशीम गरम पाण्यात टिकत नाहीत. असे कपडे घट्ट बंद पिशवीत घालून फ्रीझरमध्ये उणे १८ अंशांवर दोन आठवडे ठेवावेत. तापमान तितके खाली जात नसेल तर ड्रायक्लीनिंग हाच मार्ग.

कुबट वासासाठी कपडा उलटा करून वाऱ्यात टांगावा आणि धुताना शेवटच्या पाण्यात थोडे पांढरे व्हिनेगर घालावे. व्हिनेगर आणि क्लोरीनचे ब्लीच एकत्र कधीही वापरू नये, कारण त्यातून विषारी वायू निघतो. डांबराच्या गोळ्यांचा वास फार चिवट असतो. तो जायला कित्येक दिवस मोकळी हवा लागते, म्हणून असा वास असलेला कपडा लगेच घालायचा असेल तर घेऊ नये. काखेतील पिवळे डाग पांढऱ्या सुती कपड्यावर असतील तर ऑक्सिजन ब्लीच कोमट पाण्यात विरघळवून त्यात काही तास भिजवावेत. लोकर आणि रेशमाला ते लावू नये.

चिठ्ठी कापलेली असेल आणि कापड कशाचे आहे हे कळत नसेल, तर शिवणीच्या मायेतून दोन-चार धागे काढून, बेसिनवर, चिमट्यात धरून जाळून पाहावेत. सुती आणि लिननच्या धाग्याला जळत्या कागदाचा वास येतो आणि मऊ राख उरते. लोकर आणि रेशमाला जळक्या केसांचा वास येतो आणि त्यांची राख बोटांनी चुरता येते. पॉलिस्टर वितळून कडक मणी बनतो. मिश्र धाग्यांत या खुणा एकत्र दिसतात. एकदा कापड कळले की कसे धुवायचे हे ठरते, आणि मग शिंप्याकडे न्यायचे कपडे धुऊन, वाळवून, इस्त्री करूनच न्यावेत, कारण कापड आटायचे असेल तर ते उंची ठरण्यापूर्वी आटलेले बरे.